वाढती दुखापत आणि बंद झालेला दावा : कामगार नुकसानभरपाई कायद्यातील 'निवडी'चा इतिहास (१८८४ ते २०२५) – बांदा परिसरातील चाकरमान्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

काम करीत असताना कामगार जखमी होतो, तेव्हा त्याला काही निर्णय फार लवकर घ्यावे लागतात. मालक देऊ करील ती रक्कम स्वीकारावी की आयुक्तांकडे अर्ज करावा, की दिवाणी न्यायालयात दावा लावावा, हे ठरवावे लागते. हा निर्णय घेतला जातो त्या वेळी दुखापतीचे अंतिम स्वरूप बहुधा कोणासही माहीत नसते. बोटाची जखम पुढे हाताचे कार्य हिरावून घेते, डोळ्याला झालेली इजा दुसऱ्या डोळ्यावर परिणाम करते, पाठीचा मार काही वर्षांनी माणसाला अंथरुणाला खिळवतो. दुखापत वाढते, परंतु कामगाराने एकदा केलेली निवड त्याला मागे घेता येते काय? हा प्रश्न वरवर कायद्याचा असला तरी त्याला एक दीर्घ सामाजिक इतिहास आहे. कोकणातून मुंबईस गेलेल्या आणि जायबंदी होऊन गावी परतलेल्या कामगारवर्गाशी या इतिहासाचे जवळचे नाते आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा १८८४ पासून २०२५ पर्यंतचा आढावा घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ मधील निवडीचे तत्त्व व फेरआढाव्याची तरतूद यांचे ऐतिहासिक स्वरूप स्पष्ट करणे. २) राज्य कामगार विमा अधिनियम, १९४८ ने या स्थितीत केलेला बदल तपासणे. ३) बांद्यासारख्या सीमावर्ती व स्थलांतरप्रवण गावाच्या दृष्टीने या तरतुदींचा अर्थ लावणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मूळ अधिनियम, त्यांतील दुरुस्त्या व सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांचा आधार घेतला आहे.

बांदा : तीन कायद्यांच्या तिठ्यावरील गाव

सावंतवाडी तालुक्यातील बांदा हे तेरेखोल नदीकाठचे जुने बाजारपेठेचे गाव होय. गोव्याची सीमा येथून हाकेच्या अंतरावर असून मुंबई–गोवा महामार्ग बांद्यावरून पत्रादेवीमार्गे गोव्यात उतरतो. १९४८ पर्यंत हे गाव सावंतवाडी संस्थानात होते. पुढे ते मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती झाल्यावर नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाले. सीमेपलीकडील गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता.

या भौगोलिक स्थितीचा कामगाराच्या हक्कांशी थेट संबंध येतो. १९२३ चा अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. त्यामुळे स्वातंत्र्यपूर्व काळात बांद्याचा माणूस मुंबईच्या गिरणीत जखमी झाला तर त्याला या कायद्याचे संरक्षण होते; तोच माणूस आपल्या गावी, संस्थानच्या हद्दीत जखमी झाला तर ते त्याला आपोआप मिळत नव्हते; आणि काही मैल चालून गोव्यात कामास गेला तर तेथे पोर्तुगीज कायदा होता. अपघात कोठे झाला यावर भरपाई मिळणार की नाही, हे ठरत असे.

प्रत्यक्षात या भागातील बहुसंख्य तरुणांची वाट मुंबईची होती. कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू होईपर्यंत ही वाट सोपी नव्हती. वेंगुर्ले बंदरातून आगबोटीने, अथवा आंबोली घाट चढून बेळगावमार्गे रेल्वेने, आणि नंतरच्या काळात एस.टी.ने चाकरमानी मुंबई गाठीत. पावसाळ्यात आगबोटी बंद राहत. गिरणगावातील गावकीच्या खोल्यांत व खानावळींत त्यांचा मुक्काम असे, तर शेतीवाडी व कुटुंब गावी राही. आजारपणात, अपंगत्वात आणि म्हातारपणात परतण्याचे ठिकाण गावच होते. अपघात मुंबईत व्हावा आणि त्याचे परिणाम कोकणात भोगले जावेत, अशी ही रचना होती. कायद्याने ती कितपत ओळखली, हा पुढील विवेचनाचा गाभा आहे.

१८८४ ची मागणी

कामावरील अपघाताच्या भरपाईची मागणी हिंदुस्थानात सरकारी विधेयकाच्या बऱ्याच आधी मुंबईच्या गिरणी कामगारांनी केली होती. १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवण्यात आले. साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरावीक तास व वेळेवर पगार या मागण्यांबरोबर त्यात अपघातासंबंधी एक स्वतंत्र मागणी होती. कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, असा तिचा आशय होता.

या मागणीची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. तीत कोणत्याही एका रकमेचा उल्लेख नाही. बरा होईपर्यंत पगार आणि अपंगत्व आल्यास निर्वाह, अशी ती दुखापतीच्या वाटचालीबरोबर चालणारी मागणी आहे. दुखापत जितकी टिकेल तितके दायित्व टिकावे, ही कल्पना त्यात अनुस्यूत आहे. त्या वेळी कायद्यात असे काहीही नव्हते. १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमान्वये मृताच्या वारसांना दावा लावता येत असे. परंतु जिवंत राहिलेल्या जायबंदी कामगारास मालकाचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध केल्यावाचून मार्ग नव्हता. गिरणी कामगारास हा मार्ग परवडणारा नव्हता, हे सांगावयास नको.

१९२३ चा अधिनियम आणि निवडीचे कलम

इंग्लंडमध्ये १८९७ च्या कायद्याने मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळण्याचा मार्ग खुला केला. त्याच वेळी जुना दाव्याचा मार्गही राहू दिला आणि दोहोंपैकी एकच निवडण्याची अट घातली. हिंदुस्थानात हीच कल्पना १९२३ च्या आठव्या अधिनियमात आली. हा अधिनियम १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३(५) अन्वये कामगाराने दिवाणी न्यायालयात नुकसानीचा दावा लावला असेल तर त्यास या कायद्याखाली भरपाई मिळत नाही. उलटपक्षी, त्याने आयुक्तांकडे भरपाईचा अर्ज केला असेल, अथवा मालकाशी या कायद्यानुसार भरपाईचा करार केला असेल, तर त्याला दिवाणी दावा लावता येत नाही.

मालकाकडून दुहेरी वसुली होऊ नये, हा या कलमाचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु या कलमात दुखापत वाढल्यास काय, याचे उत्तर नाही. निवड करताना कामगारास दुखापतीचे किती ज्ञान होते, याचाही विचार त्यात नाही. अर्ज दाखल झाला किंवा करारावर अंगठा उठला, की दुसरा मार्ग बंद होतो.

हे तत्त्व किती कठोर ठरू शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधील यंग विरुद्ध ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनी या खटल्यात सापडते. जखमी कामगाराने कायद्याखालील साप्ताहिक भरपाई स्वीकारली आणि नंतर मालकाविरुद्ध नुकसानीचा दावा लावला. कनिष्ठ न्यायालयांपासून १९४६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत निर्णय त्याच्या विरोधात गेला. तेथील संसदेने मात्र १९४६ व १९४८ च्या कायद्यांनी निवडीची ही अटच काढून टाकली आणि विम्याचे लाभ व दिवाणी दावा यांचा हिशोब एकमेकांत जुळविण्याची पद्धत स्वीकारली. हिंदुस्थानने जेथून हे कलम घेतले, तेथे ते एकोणपन्नास वर्षांत संपुष्टात येऊ लागले. येथे मात्र ते कायम राहिले.

एकरकमी भरपाई आणि फेरआढाव्याची मर्यादा

१९२३ च्या अधिनियमात दुखापतीतील बदलाची दखल घेणारी एक तरतूद अवश्य होती. कलम ६ नुसार तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्यास मिळणाऱ्या भरपाईचा फेरआढावा घेता येतो. कामगाराच्या प्रकृतीत बदल झाल्याचा वैद्यकीय दाखला जोडून मालक किंवा कामगार आयुक्तांकडे अर्ज करू शकतो. अशा वेळी भरपाई चालू ठेवता येते, वाढविता येते, कमी करता येते किंवा थांबविता येते. अपंगत्व कायमचे झाल्याचे आढळल्यास पूर्वी दिलेली रक्कम वजा करून एकरकमी भरपाई ठरविता येते. दुखापत बदलते, म्हणून हिशोबही बदलला पाहिजे, हे तत्त्व येथे कायद्याने स्वच्छपणे मान्य केले आहे.

परंतु ही सोय पंधरवडा भरपाईपुरती आहे. एकदा कायमच्या अपंगत्वाची एकरकमी भरपाई ठरली, अथवा कलम ७ अन्वये पंधरवडा भरपाईचे रूपांतर एका रकमेत झाले, की त्यानंतर दुखापत वाढली तरी रक्कम वाढविण्याचा मार्ग अधिनियमात दाखविलेला नाही. इंग्लंडच्या कायद्यात साप्ताहिक भरपाई हा नियम व एकरकमी भरपाई हा अपवाद होता. हिंदी कायद्यात कायमच्या अपंगत्वापुरते हे नाते उलटे झाले. हिंदी कामगार गावी परततो, त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून त्याला एकदाच पैसे देऊन मोकळे होणे सोयीचे, असा विचार त्यामागे होता. म्हणजे कामगाराचे चाकरमानी असणे हेच दावा लवकर मिटविण्याचे कारण ठरले.

याचा आर्थिक अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. मूळ अधिनियमात कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ४२ महिन्यांचे वेतन किंवा ३,५०० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम ठरविली होती. अंशतः अपंगत्वासाठी पहिल्या अनुसूचीत अवयवनिहाय टक्केवारी होती. तर्जनी गमावल्यास १० टक्के आणि उजवा हात कोपराखाली गमावल्यास ६० टक्के, असे तिचे स्वरूप होते. दरमहा ३० रुपये कमावणाऱ्या कामगाराची पूर्ण अपंगत्वाची रक्कम १,२६० रुपये होते. त्याची तर्जनी गेली म्हणून १२६ रुपयांवर प्रकरण मिटले, आणि जखम चिघळून पुढे हात कोपराखाली कापावा लागला, तर अनुसूचीप्रमाणे त्या हाताची किंमत ७५६ रुपये होती. दोहोंतील फरक ६३० रुपयांचा, म्हणजे त्या माणसाच्या २१ महिन्यांच्या पगाराइतका आहे. फेरआढाव्याच्या अभावाची ही किंमत होती आणि ती कामगाराच्या कुटुंबाला सोसावी लागे.

आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने १९२५ मध्ये संमत केलेल्या सतराव्या करारात याउलट भूमिका आढळते. कायमच्या अपंगत्वाची भरपाई नियतकालिक स्वरूपात द्यावी, रकमेचा योग्य विनियोग होईल अशी खात्री असेल तरच ती एकरकमी द्यावी आणि देखरेखीच्या व फेरआढाव्याच्या आवश्यक पद्धती कायद्याने ठरवाव्यात, असे तो करार सांगतो. लोखंड्यांच्या निवेदनातील मागणी या भूमिकेच्या अधिक जवळ होती, ही बाब लक्षणीय आहे.

करारनाम्याची नोंदणी : अर्धवट उघडलेले दार

निवड मागे घेण्याचा हक्क नसला, तरी सदोष निवडीपासून कामगाराचे रक्षण करण्याचा काही प्रयत्न अधिनियमात दिसतो. एकरकमी भरपाईचा करार झाल्यास त्याचे ज्ञापन मालकाने आयुक्तांकडे पाठविले पाहिजे, असे कलम २८ सांगते. रक्कम अपुरी असल्यास, अथवा करार फसवणुकीने, गैरवाजवी दडपणाने किंवा अन्य अनुचित मार्गाने घडवून आणला असल्यास आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. ज्ञापन पाठविलेच नाही तर कलम २९ अन्वये मालक पूर्ण भरपाईस जबाबदार राहतो आणि आयुक्तांनी वेगळा आदेश दिला नसल्यास, दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक वजावट त्याला मिळत नाही. कायद्याखालील हक्क सोडून देण्याचा करार कलम १७ नुसार निरर्थक ठरतो.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. जॉबरच्या किंवा कारकुनाच्या मध्यस्थीने काही रुपये हाती ठेवून, कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन मिटविलेले प्रकरण कायद्याच्या दृष्टीने मिटलेले नसते. दुखापत वाढल्यावर असा कामगार मुदतीत आयुक्तांपुढे आला तर पूर्वी घेतलेली रक्कम त्याच्या आड येत नाही. मात्र रीतसर नोंदविलेल्या, त्या दिवशी पुरेशा वाटलेल्या करारानंतर वाढलेल्या दुखापतीस या कलमांचा उपयोग होत नाही. आयुक्त कराराच्या दिवशीचे अपंगत्व पाहतात. पुढील पाच वर्षांचे पाहू शकत नाहीत. शिवाय हे संरक्षण ज्याला ठाऊक आहे, त्यालाच लाभणारे आहे. ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते त्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात या अधिनियमाची चिकित्सा केली आणि तिच्या आधारे १९३३ मध्ये दुरुस्ती झाली. भरपाई सुरू होण्यापूर्वीचा दहा दिवसांचा काळ तेव्हा सात दिवसांवर व १९५९ मध्ये तीन दिवसांवर आला. एकरकमी भरपाईच्या फेरआढाव्याचा प्रश्न मात्र या सुधारणांत सुटला नाही.

गावी परतणे आणि हक्क निलंबित होणे

चाकरमान्याच्या दृष्टीने अधिनियमातील सर्वांत बोचरी तरतूद कलम ११ मध्ये आहे. अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत मालकाने कामगाराची विनामूल्य वैद्यकीय तपासणी देऊ करावयाची असते. ही तपासणी होण्यापूर्वी कामगार कामाच्या ठिकाणाचा परिसर स्वेच्छेने सोडून गेला, तर तो परत येऊन तपासणीस हजर होईपर्यंत त्याचा भरपाईचा हक्क निलंबित राहतो.

गिरणगावातील एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या वीस-पंचवीस माणसांत जखमी माणसाची शुश्रूषा कोण करणार? त्याने गावी जाणे ही त्याच्या जगण्याची गरज होती. कायद्याने त्याला 'स्वेच्छेने परिसर सोडणे' असे नाव दिले. ज्येष्ठात गावी आलेल्या माणसाला आगबोटी बंद असताना, घाटवाटेने बेळगाव गाठून तपासणीसाठी मुंबईस परत जाणे किती शक्य होते, याचा विचार या कलमात दिसत नाही.

दावा कोठे करावयाचा, हाही असाच प्रश्न होता. कलम २१ च्या मूळ रूपाप्रमाणे अपघात ज्या क्षेत्रात झाला तेथील आयुक्तांपुढेच प्रकरण चालत असे. १९९५ च्या दुरुस्तीने कामगार किंवा त्याचे अवलंबित जेथे राहतात तेथील आयुक्तांकडे अर्ज करण्याची मुभा दिली. जवळजवळ बहात्तर वर्षांनंतर कायद्याने मान्य केले, की अपघाताचे ठिकाण आणि दुःखाचे ठिकाण वेगळे असू शकते. बांद्याच्या माणसाला सिंधुदुर्गातच दाद मागता येण्याची सोय झाली, तेव्हा गिरणी संपाला तेरा वर्षे उलटून गेली होती आणि अनेक गिरण्यांची धुराडी थंड झाली होती.

वाढत्या दुखापतीचे आणखी एक रूप व्यवसायजन्य रोगांत आढळते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुफ्फुसांचा विकार अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. आरंभी सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, एवढेच त्याचे लक्षण असते. धुळीत काम चालूच राहिले तर पुढे श्वास कायमचा आखडतो. अशा रोगात दुखापतीचा निश्चित दिवसच नसतो. रोग पूर्ण प्रकट होईपर्यंत कामगार काम सोडून गावी आलेला असतो, आणि गावच्या दवाखान्यात त्याच्या दम्याचा संबंध कार्डिंग खात्याशी जोडला जाणे सोपे नसते.

१९४८ : फेरतपासणी मिळाली, निवड गेली

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा अधिनियम उभा राहिला. योजनेचा आरंभ फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे झाला आणि मुंबईत ती १९५४ मध्ये लागू झाली.

या अधिनियमाने भरपाईचे स्वरूप मुळातून बदलले. कायमच्या अपंगत्वासाठी एकरकमी भरपाईऐवजी आयुष्यभर नियतकालिक लाभ आला. अपंगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवू लागले आणि आवश्यक तेथे ते तात्पुरते ठरवून पुन्हा तपासण्याची सोय झाली. कलम ५५ तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मध्यवर्ती आहे. मूल्यमापनानंतर दुखापतीच्या परिणामांत लक्षणीय व अनपेक्षित वाढ झाली असेल आणि फेरतपासणी न केल्यास मोठा अन्याय होणार असेल, तर मंडळ पूर्वीच्या मूल्यमापनाचा फेरविचार करू शकते. दुखापत वाढू शकते आणि ती वाढेल हे आधी कळत नाही, या दोन्ही गोष्टी कायद्याच्या शब्दांत येथे उतरल्या. ब्रिटनच्या १९४६ च्या औद्योगिक दुखापत विमा कायद्यातील शब्दयोजनेशी तिचे साम्य आहे.

मात्र या लाभाची एक किंमत होती. कलम ५३ नुसार विमाधारक कामगारास त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या अधिनियमाखाली अथवा अन्य कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ए. त्रेहान (१९९६) आणि वेस्टर्न इंडिया प्लायवुड (१९९७) या प्रकरणांत हा प्रतिबंध काटेकोरपणे लागू केला. त्रेहान प्रकरणातील कर्मचारी विमा योजनेचा लाभ घेऊन नंतर १९२३ च्या अधिनियमाकडे वळला होता; त्याचा मार्ग बंद असल्याचे ठरले.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जखमी कामगारांचे दोन वर्ग तयार झाले. १९२३ च्या अधिनियमाखालील कामगाराला निवड होती, पण एकरकमी भरपाईनंतर फेरविचार नव्हता. १९४८ च्या अधिनियमाखालील कामगाराला फेरविचार होता, पण निवड नव्हती. निवड करण्याचा आणि दुखापत वाढल्यावर ती तपासून घेण्याचा, असे दोन्ही हक्क एकत्रितपणे कोणालाही मिळाले नाहीत. विमा योजनेच्या कक्षेबाहेर राहिलेले बांधकाम मजूर, खाणींवरील व चिरेखाणींवरील कामगार, ट्रकवरील क्लीनर यांच्या वाट्याला पहिली स्थिती आली.

न्यायालयांची भूमिका

स्वातंत्र्योत्तर काळात न्यायालयांनी या कायद्याचा अर्थ कामगाराच्या बाजूने लावण्याचा प्रयत्न अनेकदा केला. प्रताप नारायण सिंह देव (१९७५) या प्रकरणात ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची अर्जनक्षमता पूर्ण गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि भरपाईचे दायित्व अपघाताच्या दिवशीच निर्माण होते, असे सांगितले. शरीराच्या टक्केवारीपेक्षा माणसाचा धंदा पाहण्याची ही दृष्टी महत्त्वाची होती.

निवडीच्या प्रश्नावर मात्र न्यायालये सावध राहिली. वाहन अपघातात सापडलेल्या कामगारास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६७ नुसार त्या अधिनियमाखाली किंवा १९२३ च्या अधिनियमाखाली भरपाई मागता येते; दोन्हीकडे मागता येत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध मस्तान या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवडीचे तत्त्व अधोरेखित केले आणि एक मार्ग स्वीकारल्यावर दुसऱ्या अधिनियमाचा आधार घेता येत नाही, असे ठरविले. २००२ मधील नागप्पा प्रकरणात अंतिम निवाड्यानंतर वाढत्या वैद्यकीय खर्चासाठी पुन्हा निवाडा देण्याची तरतूद मोटार वाहन अधिनियमात नाही, म्हणून भावी खर्चाचा अंदाज पहिल्याच निवाड्यात धरला पाहिजे, असे मत व्यक्त झाले. इंग्लंडमध्ये प्रकृती पुढे ढासळण्याची शक्यता असल्यास आज हंगामी भरपाई देऊन नंतर वाढीव भरपाईस वाव ठेवण्याची पद्धत १९८२ च्या कायद्याने आणली होती. येथे न्यायालयाला अंदाजावर विसंबावे लागले.

२०१३ मधील ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध द्यामव्वा हा निर्णय मात्र वेगळी वाट दाखवितो. मृत कर्मचाऱ्याच्या मालकाने स्वतःहून आयुक्तांकडे रक्कम जमा केली आणि पत्नीने ती स्वीकारली. तिने मोटार अपघात न्यायाधिकरणाकडेही दावा केला होता. स्वतः अर्ज करून मार्ग पत्करणे म्हणजे निवड. दुसऱ्याने जमा केलेली रक्कम घेणे म्हणजे निवड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मिळालेली रक्कम अंतिम भरपाईतून वजा करण्यात आली. या निर्णयातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. निवड ही जाणीवपूर्वक केलेली कृती असावी लागते. आणि दुहेरी वसुली टाळण्यासाठी दार बंद करण्याची गरज नसते, वजावट पुरेशी असते. हाच तर्क वाढलेल्या दुखापतीस लावला, तर दुखापतीचे स्वरूप माहीत नसताना केलेली निवड कितपत जाणीवपूर्वक म्हणावी, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर या निर्णयात दिलेले नाही; परंतु प्रश्न विचारण्यास जागा झाली आहे.

सीमेवरील आजचा कामगार

गिरण्यांच्या अस्तानंतर बांदा परिसरातील स्थलांतराची दिशा बदलली. पत्रादेवी ओलांडून गोव्यातील औद्योगिक वसाहती, हॉटेले, बांधकामे आणि २०२२ च्या अखेरीस उद्घाटन झालेल्या मोपा विमानतळाच्या परिसरात कामास जाणे आता नित्याचे झाले आहे. पूर्वीचा चाकरमानी वर्षातून एकदा गणपतीला किंवा शिमग्याला घरी येई. आजचा कामगार दुचाकीवरून रोज ये-जा करतो. त्यामुळे कामावर येता-जाता होणारा अपघात हा प्रश्न पुढे आला आहे.

२९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात निकाल दिला. त्यानुसार, कामावर जाता-येता झालेल्या अपघाताची वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध प्रस्थापित झाल्यास तो अपघात नोकरीच्या ओघात झाल्याचे मानता येते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही हे तत्त्व समाविष्ट आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली आणि १९२३ चा अधिनियम तीत विलीन झाला.

हक्काचे हे विस्तारीकरण स्वागतार्ह आहे. परंतु त्याबरोबर निवडीचा जुना पेच अधिक माणसांपर्यंत पोहोचतो. रस्त्यावरील अपघातात कामगारापुढे आता दोन मार्ग असतील. एकात दोष सिद्ध करावा लागत नाही, पण रक्कम सूत्राने बांधलेली आहे. दुसऱ्यात रक्कम मोठी असू शकते, पण समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कोणता मार्ग हिताचा, हे दुखापत किती वाढणार यावर अवलंबून असते, आणि नेमके तेच निवडीच्या वेळी अज्ञात असते. संहितेने निवडीचे तत्त्व व नियतकालिक भरपाईचा फेरआढावा ही जुनी चौकट सारतः कायम ठेवली आहे.

निष्कर्ष

१) १८८४ च्या कामगार निवेदनातील मागणी दुखापतीबरोबर चालणाऱ्या दायित्वाची होती. १९२३ च्या अधिनियमाने तात्पुरत्या अपंगत्वापुरती ती स्वीकारली. कायमच्या अपंगत्वासाठी मात्र दावा एका रकमेत मिटविण्याची पद्धत रूढ केली.

२) या पद्धतीचे समर्थन कामगाराच्या स्थलांतरित स्वरूपावरून करण्यात आले. प्रत्यक्षात गावी परतणाऱ्या कामगारालाच फेरविचाराची सर्वाधिक गरज होती, कारण दुखापतीचे उत्तरकालीन परिणाम गावीच प्रकट होत.

३) १९४८ च्या अधिनियमातील कलम ५५ वरून असे सिद्ध होते, की अनपेक्षित वाढीचा फेरविचार भारतीय कायद्यास परका नाही आणि प्रशासकीयदृष्ट्या अशक्यही नाही. विमा योजनेबाहेरील कामगारास तो नाकारण्यास तात्त्विक कारण दिसत नाही.

४) द्यामव्वा प्रकरणातील वजावटीचे सूत्र स्वीकारल्यास दुहेरी वसुलीचा आक्षेप उरत नाही. ठरावीक मुदतीत, वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर आणि पूर्वी दिलेली रक्कम वजा करून एकरकमी भरपाईचा एकदा फेरआढावा घेण्याची तरतूद संहितेच्या नियमांत वा दुरुस्तीत करणे शक्य आहे.

५) तोपर्यंत करारावर सही करण्यापूर्वी कामगारास त्याचा अर्थ त्याच्या भाषेत समजावून सांगणे, करार नोंदविला गेला की नाही हे पाहणे आणि गावी परतल्यावरचे वैद्यकीय कागद जपून ठेवणे, एवढेच मार्ग हाती राहतात.

लोखंड्यांच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या साडेपाच हजार कामगारांनी जखमी माणूस बरा होईपर्यंत पगार आणि अपंग झाल्यास निर्वाह मागितला होता. त्या मागणीतील 'होईपर्यंत' या शब्दाला कायद्याने अद्याप पूर्ण उत्तर दिलेले नाही.